आईचा नमुना आणि बाबांचं तेलपाणी

शनिवारी सकाळी आईच्या लॅपटॉपने तिचं अख्खं वाक्य गिळलं. "मुळं पाणी शोषून घेतात" इथपर्यंत सगळं नीट, मग दोन सेकंद चिडीचूप, आणि एकदम "म्हणून पानं हिरवी दिसतात." मधलं सगळं गुल!

आई बोलती पुस्तकं करायची. म्हणजे अंध मुलांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि रेकॉर्ड करायची. त्यासाठी ती माईक घेऊन चक्क कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बसायची, कारण कपडे आवाज घुमू देत नाहीत. तीन वर्षं सुटे धडे वाचल्यावर आता कुठे अख्ख्या विज्ञानमालेचं काम दिसत होतं. त्यासाठी आज संध्याकाळी पाचच्या आत दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा होता. सलग, कुठेही न जोडलेला. मोबाईलवरचा चालणार नाही, हेही ग्रंथालयाने आधीच कळवलं होतं.

"तिसऱ्यांदा खाल्लं मेल्याने," आई कपाटातूनच म्हणाली. "आता मी काय करू गं?"

"तू चहा पी. मी आहे ना!" ठिणगी म्हणाली.

ठिणगी हे बाबांनी ठेवलेलं नाव. गेल्याच महिन्यात तिने शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन बंद कॉम्प्युटर चालू करून दाखवले होते, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवला. वाचायचा वेग झकास, सेकंदाला पाचशे एमबीच्या वर. लिहायचा वेग मात्र अडतीस! साडेचारशे तरी हवा होता.

"सापडला चोर. डिस्क लिहायला मागत नाहीये. मधेच अडून बसते आणि तेवढं वाक्य गळतं."

खात्री करायला तिने पुन्हा मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. चोवीस. चौथ्यांदा सतरा आला, तेव्हा मात्र तिने मोजणं थांबवलं.

"सुधारतंय का?" आईने विचारलं.

"सुधारतंय म्हणजे... बदलतंय."

तिने प्रोग्रामची माहिती वाचली आणि तिचे कान गरम झाले. एकेका चाचणीत डिस्कवर थोडंथोडं करत एकूण वीसेक जीबी लिहून पुसलं जात होतं. आधीच दमलेल्या माणसाला किती दमलाय हे बघायला चार वेळा जिना चढायला लावावं, तसा प्रकार. आणि डिस्क होती काठोकाठ भरलेली, दोनशे चाळीस जीबीत जेमतेम अकरा मोकळे.

"आई, मीच वाढवून ठेवलं थोडं," तिने सांगून टाकलं.

आईने घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून गेले होते. "बरं. मग आता उतरव."

डिस्कची तब्येत तशी ठीक होती, अठ्ठ्याऐंशी टक्के आयुष्य शिल्लक. पण सेटिंगमध्ये डिस्कची आपोआप होणारी देखभाल बंद दिसली. दीड वर्षापासून.

"ही कोणी बंद केली?"

बाबा मागच्या खोलीत एका शिलाई मशीनचं पोट उघडून बसले होते. मशिनी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. "मी केली," ते मान वर न करता म्हणाले. "आपोआप होणाऱ्या कामावर माझा भरवसा नाही. दर रविवारी मी स्वतः डिफ्रॅग करतो, फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवून ठेवतो. तेलपाणीच म्हण ना त्याचं."

"बाबा! ते जुन्या फिरत्या डिस्कचं औषध! हिच्यात फिरणारं काहीच नाही."

"काहीच नाही? मग चालते कशी?"

"चिपवर. तुम्ही दर रविवारी सगळा पसारा इकडून तिकडे हलवत होता. उगाच झीज! आणि पुसलेल्या फायलींच्या कुठल्या जागा रिकाम्या करून घ्यायच्या, हे तिला जी देखभाल सांगते, नेमकी तीच बंद."

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "दीड वर्ष मी तेल समजून वाळू घालत होतो म्हणजे?"

"अहो, वाळू नंतर मोजा," आई म्हणाली. "आत्ता काय करायचं ते बोला."

"आधी डिस्कवर जागा करायची," ठिणगी म्हणाली. आईने तीन वर्षांतला एकेक फसलेला प्रयत्न जपून ठेवला होता. खोकला, अडखळणं, दारावरची बेल, सगळं मिळून सत्तर जीबी.

"शिंकासुद्धा ठेवल्यास?" ठिणगीने विचारलं.

"एखादी चांगली ओळ असते गं त्यात."

बाबांनी त्यांच्या दुकानातली, बाहेरून जोडायची डिस्क आणून दिली. कॉपी व्हायला पाऊण तास गेला. ठिणगीने चारपाच फायली उघडून ऐकल्या, मगच लॅपटॉपवरच्या पुसल्या, कचरापेटी रिकामी केली आणि देखभाल चालू केली. आता डिस्कला तासभर निवांत सोडायचं होतं, आणि ठिणगीच्या आयुष्यात याहून अवघड काम आलं नव्हतं. तिचं बोट सारखं त्या प्रोग्रामकडे जात होतं.

"मोजू नकोस," बाबा म्हणाले. "मीपण हात लावत नाही, तूपण लावू नकोस." दोघं हातांची घडी घालून लॅपटॉपसमोर बसून राहिले. आई मात्र भिंतीशी उभी राहून धडा पुटपुटत होती.

सव्वातीनला ठिणगीने एकदाच मोजलं, तेही सगळ्यात छोटी चाचणी लावून. चारशे दहा.

आईने कपाटात तोंड घातलं. पहिल्या खेपेला सहा मिनिटं छान गेली आणि मग आवाज थांबला. ठिणगी लॅपटॉपवर वाकली. स्क्रीनवरची रेघ तर व्यवस्थित पुढे सरकत होती.

"लॅपटॉप नाही गं," आतून आवाज आला. "मीच अडखळले. परत पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला दहा मिनिटं सलग झाली. ठिणगीने कानाला हेडफोन लावून सगळी ऐकली, एक शब्दही कुठे गिळलेला नव्हता. पाचला वीस मिनिटं कमी असताना आईने नमुना पाठवला. मग तिने अडखळलेली पहिली फाईल निवडली आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच पुसून टाकली.