हसरी स्लाइड

"ही दोन," मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी दोनचा आकडा लिहिला आणि पुढची स्लाइड दिली. मी या प्रयोगशाळेत आयुष्यभर मेणाचे ठोकळे कापले. पेशंटच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेच्या स्लाइडवर घ्यायचे, एवढंच काम. निवृत्तीनंतर बाईंनी पुन्हा बोलावलं, ते हात चांगला म्हणून की अक्षर, हे मला अजून विचारवलेलं नाही.

त्यांचा अभ्यास प्रोस्टेटच्या कॅन्सरवर होता. गांजातलं द्रव्य पेशींवरच्या ज्या कुलपांत किल्लीसारखं बसतं, ती कुलपं गाठीत किती आहेत, हे त्या बघत होत्या. कुलपं असतील तिथे तपकिरी रंग चढतो. शून्य म्हणजे रंगच नाही, तीन म्हणजे गर्द. ज्याचा रंग गर्द, त्याचा आजार पुढे जास्त बळावत असावा, असा त्यांचा अंदाज. स्लाइड कोणाची हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नियम.

अभ्यासासाठी कपाटातून काढलेल्या जुन्या ठोकळ्यांत एक माझ्या स्वतःच्या तुकड्यांचा होता. लघवीच्या त्रासासाठी ऑपरेशन झालं आणि निघालेल्या तुकड्यांत थोडा कॅन्सर सापडला. "घाई नको, नुसतं लक्ष ठेवू," सर्जन म्हणाले. तेव्हापासून आम्ही लक्ष ठेवतोय. मी कमी, बायको जास्त.

अभ्यासाचं तिला सांगितलं तर म्हणाली, "जन्मात साधी विडी ओढली नाहीत, आणि आत गांजाची कुलपं?"

"शरीर त्यांच्या किल्ल्या स्वतःच बनवतं म्हणे."

"मग घराची तेवढी का हरवते?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, "तुमचा आकडा कळला तर मला सांगायचं हं. कसाही असला तरी."

"स्लाइडवर नावं नसतात," मी म्हणालो.

नावं नसतात हे खरं. पण माझे तुकडे मेणात बसवले होते शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी. या ऑपरेशनचे तुकडे पेन्सिल तासल्यावर पडतात तसे वळलेले असतात. सगळे ते नुसते पसरून टाकतात. ताईंनी त्या तुकड्यांचेच दोन डोळे आणि खाली हसरं तोंड मांडलं होतं. ऑपरेशननंतर मी कामावर परतलो तेव्हा ठोकळा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "दादा, तोंड पाडून बसू नका. तुमचा प्रोस्टेट बघा, तुमच्यापेक्षा आनंदी आहे."

आज ट्रेमध्ये ते हसू वर आलं.

रंगाचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी येत नाही, तरी मी बघितलं. बाहेर जाऊन यावं, असं वाटलं. बाईंना सांगून टाकावं, असंही वाटलं. पण मग त्यांची नजर निर्मळ राहिली नसती. मी स्लाइड दिली आणि पेन उचललं.

बाई थबकल्या. "अहो काका, ही तर हसतेय. ज्याने ठोकळा केला तो कामात होता की मजेत?"

"दोन्हीत असेल."

त्या पुन्हा वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"टोपण कसलं लावताय? संपलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "एक लिहा. थांबा... हो, एकच. अगदी फिकट आहे."

मी एक लिहिला. अभ्यास अजून अर्धाच झालाय, एका आकड्यावर कोणाचं भविष्य लिहिता येत नाही, हे मलाही समजतं. तरी त्या पानावरचा सगळ्यांत देखणा आकडा तोच होता. घरी कसं सांगायचं, आधी थोडं ताणायचं का, याची मनात जुळवाजुळव सुरू झाली.

"काका, पुढची."

पुढच्या स्लाइडवर तुकडे नुसतेच पसरलेले होते. चेहरा नव्हता. बाई वाकल्या आणि लगेच म्हणाल्या, "तीन."

तोही कोणाचा तरी आकडा होता; मी तो सावकाश, नीट वळण देऊन लिहिला.