धडधाकट झाडं

मी लाकडाची घरं बांधतो. त्यामुळे सासूबाईंच्या झाडांकडे नुसतं मान वर करून पाहिलं तरी त्या विचारतात, "जावईबापू, मापं घेताय का?" आता खोटं तरी कसं बोलू? मी मापं घेतच असतो. न्हाव्याला समोरच्याचे वाढलेले केस दिसतात, तशी मला सरळ खोडात आढी आणि तुळया दिसतात. माझा नाइलाज आहे.

त्या रविवारी मात्र मी मापं घेत नव्हतो. मला भीती वाटली होती.

घरामागे सासूबाईंची राई आहे, सासऱ्यांनी आणि त्यांनी मिळून लावलेली. धाकटा, म्हणजे माझा मेहुणा, लहानपणी सारखा आजारी असायचा. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली, म्हणून हे गावाबाहेरचं घर आणि ही झाडं. धाकटा आता परगावी असतो आणि वजनात मला मागे टाकून बसलाय, पण राई आहे तशीच आहे. हौसेने दाट लावली आणि सासरे गेल्यावर सासूबाईंनी त्यातलं एक झाड काढू दिलं नाही. उजेडासाठी झाडांची नुसती रेटारेटी चाललेली. निम्मी काटकुळी राहिली होती, शेंडे पिवळे पडले होते. आणि अशाच एका काटकुळ्या झाडाच्या बुंध्याशी मला तपकिरी भुसा सांडलेला दिसला.

पटाशीने साल उचकटली. आत भुंगेऱ्यांनी बोगदे खणले होते.

हा किडा मोठा धूर्त. धडधाकट झाडाच्या वाटेला तो सहसा जात नाही, कारण ते चीक सोडून त्याला बाहेर ढकलतं. तहानलेल्या झाडाकडे तेवढा चीक नसतो. तिथे त्याचा संसार वाढतो, आणि एकदा फौज उभी राहिली की धडधाकटांचंही काही चालत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई वाटाणे सोलत होत्या, बायको भांडी पुसत होती. मी सगळं सांगितलं. लागलेली झाडं काढावी लागतील, त्यांच्याबरोबर काटकुळीही विरळ करावी लागतील, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत अख्खी राई उभ्या उभ्या वाळेल. आता माझा उद्धार होणार, म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

"काढायची तर काढू," सासूबाई म्हणाल्या. "पण कुठली ते मी सांगणार."

मी आणि बायको एकमेकांकडे बघतच राहिलो.

त्या चपला घालून पुढे निघाल्या. आम्ही मागे. राईतल्या सगळ्यात जाड, सगळ्यात उंच झाडावर त्यांनी हात ठेवला. "हे घ्या. ते पलीकडचं घ्या. त्या कोपऱ्यातली दोन्ही घ्या. यांनी भरपूर खाल्लं-प्यायलं आहे. ही गेली की बारक्यांना ऊन मिळेल, पाणी मिळेल. त्यांचं काय ते मी बघते."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! गावातल्या वाचनालयाचं छप्पर माझ्याकडे होतं आणि त्याला लागणाऱ्या लांब, अखंड तुळया मला कुठल्याच वखारीत मिळत नव्हत्या. काम हातचं जायची वेळ आली होती. आणि इथे सासूबाई आपल्या हाताने दाखवत होत्या, हे घ्या, ते घ्या. ती खोडं मी गेली कित्येक वर्षं चोरून बघत आलो होतो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या छपराचा नकाशा बायकोनेच काढला होता, त्यामुळे माझ्या मनात काय चाललंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नुसती बघत राहिली. तिने असं बघितलं की मला खोटं बोलता येत नाही.

"आई," मी म्हणालो, "ही झाडं तुम्ही दिलीत तर मी नाचत घेऊन जाईन. पण मग तुमची राई संपली. वारा हीच अडवतात. चांगलं बी पडतं तेही यांचंच. बारकी यांच्या आडोशाने उभी आहेत, एका वादळात आडवी होतील. आणि कीड तर त्यांच्यातच आहे."

"म्हणजे आजारी आहेत म्हणून मारून टाकायची?" सासूबाईंचा आवाज चढला. "काय माणूस आहात हो तुम्ही! अशक्ताला जपायचं असतं. ही धट्टीकट्टी आहेत, यांचं काय, कुठेही गेली तरी निभावतील. तुमच्या छपराला लागली तर सोनंच झालं त्यांचं."

"माझ्या वेळी हेच म्हणाली होतीस," बायको म्हणाली.

"काय म्हणाले होते?"

"मला नकाशे काढायला शिकायचं होतं. कॉलेजात जागासुद्धा मिळाली होती. तू म्हणालीस, ही धट्टीकट्टी आहे, ही कुठेही निभावेल. आणि मला वखारीत कामाला लावलंस."

त्याच वखारीत ती मला भेटली, आणि नकाशे ती पुढे माझ्याबरोबर काम करता करता शिकली. म्हणजे त्यात माझा फायदाच झाला होता, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं.

"मग काय करायला हवं होतं मी?" सासूबाईंनी विचारलं. "धाकट्याला वाऱ्यावर सोडायचं होतं?"

"नाही गं. त्याला जपलंस ते बरोबरच केलंस. माणसाला जपायचंच असतं. पण ही झाडं म्हणजे धाकटा नव्हे, आई. तू झाडांना लेकरासारखं वाढवलंस, आणि मला लाकडासारखं वापरलंस."

सासूबाई घरात गेल्या. जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. बायको म्हणाली, मी बोलायला नको होतं. मी म्हणालो, बोललीस ते बरं केलंस. खरं तर ते बरं झालं की वाईट, मलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी उठलो तर माझी पटाशी जागेवर नव्हती. सासूबाई त्या लागलेल्या झाडाशी उकिडव्या बसून साल सोलत होत्या. तळहातावर एक पांढरी अळी घेऊन त्यांनी मला विचारलं, "ही अजून कुणाकुणात आहे?"

आम्ही रंगाचा डबा घेऊन एकेक झाड बघत गेलो. काढायच्या झाडावर पट्टा त्या स्वतः मारत होत्या. एका वाकड्या झाडापाशी त्या थबकल्या. त्याला त्यांनी कधीकाळी टेकू दिला होता, चिरलेल्या खोडाला चादरीची पट्टी बांधली होती. "याचं काय?" त्यांनी विचारलं. एक झाड राहिलं तर राहू दे म्हणावं, असं मला फार वाटलं. पण बुंध्याशी भुसा होता. "लागलंय, आई," मी म्हणालो. त्यांनी खोडावर एकदा हात फिरवला आणि पट्टा मारला.

वाचनालयाचं कोडं बायकोने सोडवलं. "लांब तुळया हव्यातच कशाला?" ती म्हणाली. "बारक्या लाकडांच्या कैच्या जोडू, तिकोनी सांगाडे. कैचीला जाड खोड लागतच नाही." आणि पुसून घेतलेल्या टेबलावर कागद पसरून तिने छप्पर नव्याने काढलं. बारकी लाकडं तर राईतूनच निघणार होती. हा किडा सालीतच राहतो. साल तिथल्या तिथे सोलून जाळली की आतलं लाकूड बांधकामाला चांगलं असतं. इतकी वर्षं या धंद्यात असून मला हे सुचलं नव्हतं, कारण मी जाड खोडांवर डोळा ठेवून बसलो होतो.

आठवड्याने तोडणारे आले. झाडं पडत गेली तसं ऊन जमिनीवर उतरू लागलं. मी खोडं सोलत होतो, बायको फांद्या ओढून ढीग करत होती. सकाळपासून तिने पाठ टेकली नव्हती. ती अशीच आहे, तिला काम सांगावं लागत नाही, आणि म्हणून तिला कुणी थांबही म्हणत नाही. त्यात मीही आलो.

दुपारी सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आधी तोडणाऱ्यांकडे जातील असं मला वाटलं. त्या सरळ लेकीकडे गेल्या.

"दमलीस का गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांनी तिला विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

"छे, कुठे!" बायको सवयीने म्हणाली आणि पुढच्या फांदीला वाकली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "खरं सांग."

ती तशीच उभी राहिली. फांदी हातातून सुटली.

"हो," ती म्हणाली. "कधीची दमलेय, आई."

सासूबाई नुकत्याच पाडलेल्या एका खोडावर बसल्या, सरकून जागा केली आणि तिला ओढून शेजारी बसवलं. बायकोने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. उरलेल्या फांद्या मी ओढल्या, कुणी सांगायच्या आत.