ताजीनमधली खिचडी

मोरोक्कोला जाऊन मुगाची खिचडी खाऊन आलेला माणूस बघायचा असेल, तर माजिवड्याला सुदेशच्या घरी जावं. तो तुम्हाला फोटोही दाखवेल. फोटोत उंच निमुळत्या झाकणाचं मातीचं भांडं आहे, त्याला तिकडे ताजीन म्हणतात. मागे समुद्र, वर पितळी कंदील, आणि सुदेशच्या तोंडावर सात पिढ्या राजवाड्यात जेवल्यासारखं हसू. झाकण उघडल्यानंतरचा फोटो मात्र त्याच्याकडे नाही. तो त्याच्या बायकोच्या, दक्षताच्या मोबाइलमध्ये आहे.

सुदेशचं टाइल्सचं दुकान. कंपनीने जास्त माल विकणाऱ्या बारा दुकानदारांना जोडीने अगादीरजवळच्या एका बड्या रिसॉर्टवर पाच दिवस न्यायचं ठरवलं, त्यात हा बारावा. बरोबर पोपटशेठही येणार होते. पोपटशेठ म्हणजे सगळ्या जिल्ह्याचे डिस्ट्रिब्युटर. डोंबिवलीत मानपाड्याला सुदेश मोठी शोरूम उघडत होता, आणि तिची एजन्सी त्यांच्या शब्दावर अडली होती. कंपनीने व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवणाचं विचारलं मात्र, सुदेशने पहिल्या मिनिटाला टाकलं, 'प्युअर व्हेज प्लीज', पुढे जोडलेले हात. पोपटशेठच्या घरात मासळी शिजत नाही असं त्याच्या कानावर होतं. मग पोपटशेठनी होकाराचा अंगठा दाखवला, आणि त्यांचा अंगठा बघून बाकीच्यांनीही दाखवला.

आता हा प्युअर व्हेज सुदेश कोण, तर कोपरीच्या बाजारात पाटी मांडून बसणाऱ्या गोदूबाई कोळिणीचा एकुलता एक मुलगा. बोंबलाच्या कालवणावर वाढलेला. त्या बाईने चाळीस वर्षं उन्हापावसात मासळी विकली तेव्हा कुठे याचं पहिलं दुकान उभं राहिलं. पण टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून साहेब सांगायला लागले, आमचं मूळ कोकणातलं, शेतीवाडी होती. शेती कुठे म्हणून कोणी विचारलं असतं तर बिचाऱ्याला खाडीच्या पाण्याकडे बोट दाखवावं लागलं असतं. कोणी विचारलं नाही एवढंच.

मानपाड्याच्या शोरूमची रिबीन आई कापेल, असा शब्द त्याने स्वतःहून गोदूबाईंना दिला होता. गोदूबाईंनी त्यासाठी अंजिरी रंगाचं नवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. टूरचं ठरल्यावर हा दक्षताला म्हणाला, रिबीन पोपटशेठ कापतील, आईला गर्दीचा त्रास होतो, तिला घरीच राहू दे आणि तसं तूच तिला सांग. स्वतः सांगायची छाती नव्हती. दक्षताने साफ नकार दिला. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई तिला एका शब्दानेही टाकून बोलल्या नव्हत्या, आणि त्या लुगड्याची घडी उद्घाटनाच्या दिवशीच मोडली पाहिजे, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

निघायच्या दिवशी ती कोपरीला पाया पडायला गेली. गोदूबाईंनी एकच काम सांगितलं.

“तिकरं दर्या हाय ना गो? मंग कुठलं म्हावरं मिलतं, कसं लागतं, खाऊन ये. मना सांग.”

रिसॉर्ट कसलं, गावच होतं. संत्र्यांच्या झाडांखाली मेजं मांडलेली. जेवणाआधी एक माणूस पितळी झारीने हातावर पाणी घालायचा, दुसरा हातभर उंचावरून पुदिन्याच्या चहाची धार ग्लासात सोडायचा आणि एक थेंब सांडायचा नाही. मेनूकार्डावर समुद्रातलं काय काय होतं. आणि आपली मंडळी? त्यांनी मुंबईहून कुकरसकट एक आचारी महाराज नेला होता. रिसॉर्टच्या शेफने मोठ्या मानाने आपली ताजीनची भांडी काढून दिली, तर महाराजाने त्यात खिचडी भरली. मेजावर बारा ताजीन यायचे, बारा जोडपी झाकणासकट फोटो काढायची आणि मग झाकण उचलून खिचडीवर पापड चुरायची. दुसऱ्या दिवशी पावभाजी, तिसऱ्या दिवशी परत खिचडी. शेफ दारात उभा राहून बघायचा. त्याच्या तोंडाकडे बघून दक्षताला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सुदेशने तिला बजावलं होतं, मासळीच्या काउंटरकडे मानसुद्धा वळवायची नाही, कोणीतरी बघेल. दर्याच्या काठावर बसून, दर्यावर वाढलेला हा माणूस बायकोला दर्याकडे पाठ करायला सांगत होता. दक्षताला त्याचा राग येत नव्हता, किळस येत होती.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे उंटावर बसायला गेले. दक्षताने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तडक वाळूवरच्या तंबूत गेली, तिथे निखाऱ्यावर मासळी भाजत असत. तंबूत एकच गिऱ्हाईक होतं. पाठमोरं, बाह्या दुमडलेलं, समोर काट्यांचा ढीग. माणसाने मान वळवली, तर पोपटशेठ.

दोघंही जागच्या जागी थिजली. मग पोपटशेठनी बोटं पुसली आणि हळूच म्हणाले, “वहिनी, सुदेशला बोलू नका हं. कट्टर माणूस आहे, त्याला वाईट वाटेल.”

बायकोने माळ घातल्यापासून त्यांच्या घरात शिजत नाही हे खरं, पण शेठनी स्वतः कधीच सोडलेलं नव्हतं. ग्रुपवर सुदेशचे जोडलेले हात बघितले, आणि एकाच्या धर्मात आपण कशाला मोडता घालायचा म्हणून अंगठा दाखवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे न खाणाऱ्यालाच खवखव सुटली होती, आणि तिच्यापायी चोवीस माणसं दर्याकाठी पापड चावत होती.

दक्षता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बर्फावरच्या मासळीकडे वळली. तारली होती. ठाण्यात जिला कोणी विचारत नाही ती तारली इथे चांदीच्या ताटात. तिने एकेकीचे कल्ले उघडून बघितले, सहा निवडल्या. कोथिंबीर, लसूण, लिंबू लावून भाजून आल्या. तिने एका ओढीत अख्खा काटा काढून बाजूला ठेवला तशी पोपटशेठ बघत राहिले.

“वहिनी, तुमचं माहेर कुठलं?”

“कोळीवाड्यातलं. आणि सासरही,” दक्षता म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. पाटी, लुगडं, रिबीन, काही लपवून ठेवलं नाही.

पोपटशेठनी ऐकता ऐकता समोरचा काट्यांचा ढीग बाजूला सारला. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, सासूबाई बाजारात किती वाजता बसतात.

शेवटच्या रात्री जेवताना एक वेटर भाजलेल्या तारल्यांचा थाळा घेऊन शेजारच्या मेजाकडे गेला. सुदेशने लगेच दोन बोटांनी नाक दाबलं. “कसं खातात लोक,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मला तर वासानेच मळमळतं.” आणि शाबासकीसाठी पोपटशेठकडे बघितलं. पोपटशेठ मान खाली घालून खिचडी चिवडत होते.

परत आल्यावर दक्षता कोपरीला गेली. तारलीचं ऐकून गोदूबाई पोट धरून हसल्या. एवढं विमानाने जाऊन तारली खाल्लीस, म्हणाल्या. मग हसता हसता त्यांनी विचारलं.

“सुद्यानी खाल्ली का गो? लहान असताना तारलीबिगर जेवाचा नाय.”

दक्षताला खोटं बोलता आलं असतं. पण सुदेशची आणखी एक थाप आपल्या तोंडून काढायची तिला शिसारी आली. नाही खाल्ली, ती म्हणाली. नाक दाबलं.

गोदूबाई उठल्या, अंजिरी लुगडं ट्रंकेत तळाला घातलं आणि कडी लावली.

“मी नाय यायची. त्याला वास येल,” त्या म्हणाल्या.

दक्षता रस्ताभर रडली. घरी येऊन सुदेशला सांगितलं, तर तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, चला, आईनेच समजून घेतलं.

उद्घाटनाला मानपाड्याला मांडव, फुलं, सनई, सगळं होतं. आई कुठे म्हणून कोणी विचारलं की सुदेश चेहरा पाडून सांगायचा, तब्येत बरी नाही. मुहूर्त टळत आला तेव्हा पोपटशेठची गाडी लागली. शेठ उतरले ते दोन्ही हातांत काळ्या पिशव्या घेऊन. पिशव्यांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. सुदेश हार घेऊन पुढे धावला.

“हार राहू द्या, आधी हे धरा,” पोपटशेठ म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच मोठा. “कोपरीला जाऊन आलो. गोदूबाईंकडे. तब्येत ठणठणीत आहे त्यांची. म्हटलं चला माझ्याबरोबर, तर म्हणाल्या, बोहनीची वेळ आहे. ही माझी पिशवी, फ्रिजमध्ये ठेवा. आणि ही तुमची. तारली आहे. म्हणाल्या, माझ्या सुद्याला द्या, त्याला लहानपणापासून आवडते.”

सनई थांबली होती. टूरवरच्या बाकी अकरापैकी नऊ दुकानदार तिथे होते, सगळ्यांना वास आला आणि सगळ्यांनी सुदेशकडे बघितलं. त्याच्या दोन्ही हातांत दोन पिशव्या होत्या, आणि नाक दाबायला तिसरा हात नव्हता.