शनिवारची रेघ

“चिठ्ठीवर शनिवारची तारीख टाका, वन्सं. एवढंच मागते.”

वहिनीच्या पदराला अजून शहरातल्या इस्पितळाचा वास येत होता. नर्सबाईने नोंदवही पुढे ओढली, पण उघडली नाही. उघडून काय पाहायचं? चिठ्ठी दिली त्याचं नाव वहीत लागे, आणि शनिवारच्या शेवटच्या नावाखाली तिनेच ओढलेली लाल रेघ होती. वीस वर्षं रोज पाचच्या ठोक्याला ती पट्टी ठेवून रेघ ओढायची, मगच दवाखान्याला कुलूप. गाव तिला रेघबाईच म्हणे.

विम्याचं कार्ड शहरातल्यांना होतं, तसं गावातल्यांनाही होतं, रंगही तोच. फक्त शहरातला माणूस कार्ड दाखवून थेट खाटेवर निजायचा आणि गावातल्याने आधी गावच्या दवाखान्याची चिठ्ठी आणायची. चिठ्ठी नसली तर कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. दादाच्या छातीत कळ आली ती रविवारी, आणि रविवारी दवाखान्याला कुलूप.

“दुखणं काय सोमवारची वाट बघत बसणार होतं?” वहिनी म्हणाली.

“कळतंय मला, वहिनी.”

“काय कळतंय? छातीला तारा लावून पडलेत तुमचे दादा. खांद्यावर बसवून शाळेत नेलं त्यांनी तुम्हाला. चार अक्षरं शिकलात ती त्यांच्यामुळं. आज त्यांच्यासाठी तीच चार जड झाली?”

नर्सबाईची नजर दाराशी गेली. तिथे बाकावर विणकरीण बसली होती. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेली. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला साप चावला तो दिवेलागणीला, पाच वाजून गेल्यावर. दुसऱ्या सकाळी ती याच टेबलाशी उभी राहून कालची तारीख मागत होती. नर्सबाईने तिला रेघ दाखवली होती. “नियम सगळ्यांना सारखा, बाई,” असंही म्हणाली होती. नवरा वाचला, पण इस्पितळाच्या बिलापायी माग विकला गेला. त्या घरावरून जाताना नर्सबाईचे कान अजून खडखडाट शोधत.

विणकरीण उठून टेबलाशी आली. आता ही ऐकवणार, ऐकवू दे, असं मनाशी म्हणत नर्सबाईने मान खाली घातली.

“लिहा, बाई. मी काही बघितलं नाही. डोळे अधू झालेत माझे.”

“तुमच्या वेळी नाही लिहिलं मी.”

“नाही लिहिलंत. म्हणून काय सगळ्यांच्याच घरचा माग जावा?”

थोबाडीत बसली असती तर सोसली असती. नर्सबाईने नोंदवही बाजूला सारली आणि कोरा कागद घेतला. रविवारी दवाखाना बंद होता, रोग्याकडे वेळ नव्हता. खरं होतं तेवढं लिहिलं, खाली आजची तारीख घातली, शिक्का मारला.

“चालेल हे?” वहिनीने विचारलं.

“माहीत नाही.”

वहिनीने कागदाची घडी केली, आणि मागे न बघता बस गाठायला निघून गेली.

चार वाजता तिचा फोन आला. “कागद नको, चिठ्ठीच हवी म्हणतात. हे उठून बसलेत खाटेवर. चपला शोधतायत. घरी चल म्हणतात.” आणि फोन बंद झाला.

पाच वाजले. नर्सबाईने सोमवारच्या शेवटच्या नावाखाली पट्टी ठेवली. बराच वेळ ती तशीच धरून बसली. मग पट्टी एक ओळ खाली सरकवली, उद्या सकाळी कुणी कालची तारीख मागत आलं तर एक नाव मावेल एवढी, आणि त्या कोऱ्या ओळीखाली लाल रेघ ओढली.