दोन मिनारांची बाधा

मारुतीच्या पारावर सकाळपासून बायांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या मुठीत फडक्यात बांधलेला, चारमिनार छापलेला निजामाच्या काळचा चांदीचा रुपया होता. वर भिंगवाले महाराज बसले होते. समोर कोमट पाण्याचं घंगाळ, उजव्या डोळ्यात खोचलेलं काळं भिंग. रुपया पाण्यात बुडवायचा, अंगठ्यानं पुसायचा, भिंगाखाली धरायचा. पुष्कळशा बायांना "निर्मळ" म्हणून तो परत मिळायचा. मधूनच एखाद्या रुपयावर महाराजांचा हात थांबायचा.

"जोड लागली," महाराज हळूच म्हणायचे. "एक मिनार देवाचा, दुसरा त्याचा. ज्या घरात जोड, त्या घरात दोन जिवांतला एक जातो."

'तो' म्हणजे कोण, हे महाराज सांगत नव्हते. सांगितलं असतं तर माणसं कमी भ्याली असती.

आमचं गाव औसा-निलंगा रस्त्यापासून आत आहे. निजामाच्या राज्यात तलावात जमिनी गेल्या तेव्हा मोबदला म्हणून एकाच थैलीतून नवे कोरे रुपये वाटले, असं आमचे म्हातारे सांगत. त्यातला एकेक ज्यानं त्यानं देवघरात ठेवला. सून गरवार राहिली की सातव्या महिन्यात तो तिच्या ओटीत घालायची आमची रीत. आणि तो कधी घासायचा नाही, घासला की लक्ष्मी उतरते. त्यामुळे हळदीकुंकवाचे थर चढून तो रुपया पेढ्यासारखा दिसे. थराखाली काय आहे, हे कोणी बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी माझ्या चुलतभावाची बायको गुणाबाई रुपया घेऊन गेली. तिची सून पूनम गरवार होती, आठवा सरत आला होता. महाराजांनी रुपया धुतला, भिंगाखाली धरला आणि गुणाबाईकडे वळवला. चारमिनारच्या प्रत्येक मिनाराला चिकटून दुसरा बारीक मिनार उभा होता. महाराजांनी विचारलं, घरात कुणाला एकाचं दोन दिसतं का?

गुणाबाईनं सगळं सांगून टाकलं. पहाटे एकच समई लावली असताना पूनम म्हणाली होती, देवापुढं दोन समया का लावल्या?

मग काय, वणवाच पेटला. महाराजांनी रुपया नदीत सोडायला म्हणून ठेवून घेतला. अवसेपर्यंत सुनेनं शीव ओलांडायची नाही, अंगाऱ्याच्या पाण्याशिवाय औषध घ्यायचं नाही, असं बजावलं. आरोग्य खात्याची आशाताई दवाखान्यात चला म्हणायला आली, तिला गुणाबाईनं दारातूनच परत पाठवलं.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. पण गुणाबाईसोबत पारावर गेलो तेव्हा तो रुपया मी स्वतः बघितला होता. दोन मिनार होते, खरंच होते. पूनमच्या खोलीत गेलो तर ती डोकं धरून भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "तात्या, तुमच्या मागं कोण उभं हाय?" माझ्या मागं कुणी नव्हतं. मी वळून बघितलं, हे खरं.

दुपारच्या एसटीनं पूनमची थोरली बहीण मुग्धा आली. लातूरला शाळेत शिकवते, आणि जुनी नाणी जमवायचा तिला नाद. पूनमचा सुजलेला चेहरा, पाय, बोटात रुतलेली अंगठी बघितली आणि पूनमचा नवरा हणमंत याला म्हणाली, जीप काढा. आठव्या महिन्यात डोकं ठणकतं, अंगावर सूज येते, एकाचं दोन दिसतं, म्हणजे रक्तदाब चढलाय, याला वेळ नसतो.

गुणाबाई उंबऱ्यात आडवी झाली. हणमंत आईकडे बघे, बायकोकडे बघे, त्याला पाऊल उचलेना. पण आईची समजूत घालता आली असती. खरा अडसर वेगळाच होता. पूनमनं खाटेच्या कडेची लाकडी पाटी दोन्ही हातांनी धरली.

"ताई, मी शीव न्हाई वलांडत. मला वढू नको. माझं लेकरू जाईल."

तिचे दात वाजत होते. जबरीनं उचलली तर वाटेतच भीतीनं काही व्हायचं. मुग्धानं तिची मूठ सोडवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. स्वयंपाकघरात जाऊन कणकेचा गोळा आणला आणि मला म्हणाली, तात्या, माझ्यासोबत पारावर चला. हणमंत, तुम्ही जीप दाराशी लावा.

पारावर गर्दी तशीच होती. महाराजांनी ठेवून घेतलेले रुपये मुग्धानं मागितले. महाराज म्हणाले, हात लावणाऱ्याला बाधा होईल. कुणी पुढं होईना. मीही मागंच सरलो. पण घरात ती पोर पाटी धरून बसली होती. मी महाराजांच्या मांडीजवळचं गाठोडं उचललं आणि सोडलं.

मुग्धानं सगळे रुपये ओळीनं मांडले आणि पिशवीतलं भिंग मला दिलं. मी उतारवयात अक्षरं शिकलो, अजून एकेक अक्षर बोट ठेवून वाचतो. तसंच एकेक मिनार बघितला. सगळ्या रुपयांवर दुसरा मिनार अगदी त्याच जागी, तेवढाच सरकलेला. भूत असतं तर घराघरात एवढं मोजून-मापून कसं उभं राहिलं असतं?

मग मुग्धानं कणकेत रुपया दाबला. उचलून किंचित फिरवला आणि पुन्हा तिथंच दाबला. कणकेत जोडमिनार उमटले. बाया पुढं सरकल्या.

"ही कणीक म्हणजे टांकसाळीतला साचा समजा," ती म्हणाली. "साचा बनवताना मूळ ठसा दोनदा दाबतात. दुसऱ्यांदा जरा हलला की साच्यातच दोन मिनार. मग त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक रुपयावर तेच. थैलीत दोन-तीन साच्यांचे रुपये मिसळले असणार; हे सगळे एकाच साच्याचे, म्हणून चूकही एकच."

"तुमची शाळा लातुरात चालवा," महाराज म्हणाले. "इथं जिवाशी गाठ हाय."

मुग्धा रांगेकडे वळली. तिनं तिथं उभ्या सरजाबाईच्या हातातला रुपया मागून घेतला. तो महाराजांनी सकाळीच "निर्मळ" म्हणून परत केला होता. मी भिंग लावलं. त्यावरही मिनाराला दुसरी कड होती, फक्त चपटी, पायरीसारखी दबलेली.

"महाराज, इथंही दोन दिसतात. मग ही बाई निर्मळ कशी?" मुग्धानं विचारलं.

"त्ये येगळं हाय."

"वेगळं कसं? जोड ती जोड. सरजाबाईंच्या घरात कोण मरणार, तेही सांगा."

सरजाबाई रडायला लागली. तिचा लेक भुजंग बाह्या सारत पार चढू लागला. महाराज घाबरून भडाभडा बोलून गेले, "आवो, त्यो साच्यातला न्हाई! नाणं मारताना साचा ढिला पडून घसरलेला हाय. त्याला गिऱ्हाईक न्हाई मिळत!"

भुजंग पायरीवरच थबकला.

"गिऱ्हाईक," सरजाबाई डोळे पुसत म्हणाली. "आन् आमी समजलो, बाधा."

नाण्यांचे शौकीन साच्यातली चूक असलेल्या रुपयासाठी जास्त पैसे देतात. घसरलेल्याला कुणी विचारत नाही. महाराज तेवढेच निवडून ठेवत होते. पूनमचं एकाचं दोन दिसणं आयतंच हाती लागलं. नसतं लागलं तर दुसरं काही विचारलं असतं. कोणत्या घरात दुखणं नसतं?

भुजंगनं महाराजांची मानगूट धरली. आम्ही तिथं थांबलो नाही. आमच्या मागोमाग आलेली गुणाबाई गर्दीतच उभी होती, ती आमच्या पुढं घराकडे पळाली. कणकेचा गोळा तिनंच उचलून नेला आणि पूनमच्या पुढं रुपया दाबून दाखवला. कणकेत जोडमिनार उमटले.

"बग माय. भूत न्हाई. मी येडी."

पूनमनं पाटी सोडली. भीती मात्र लगेच सुटत नाही. शीव आली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि माझ्या मनगटात नखं रुतवली. मी तिला धीर देत राहिलो. जीप शिवेचा दगड ओलांडून गेली. काही झालं नाही. बाभळी होत्या, धूळ होती.

निलंग्याला रक्तदाब बघून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि लगेच लातूरला धाडलं. तिथं मुलगी झाली, अपुऱ्या दिवसांची, ओंजळीत मावेल एवढी. दोन जिवांतला एकही गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी गुणाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, दिवस मावळायच्या आत आणलं नसतं तर झटके आले असते, मग आमच्या हातात काही उरलं नसतं.

त्या दिवशी पूनम गेली असती, तर गाव म्हणालं असतं की महाराजांनी सांगितलंच होतं. तिच्या सरणावर त्यांचं नाव मोठं झालं असतं. मला अजून भीती वाटते ती याची.

म्हणून हे लिहिलं. भिऊ नका असं मी सांगत नाही, मीही भ्यालो होतो. भीती वाटली तर आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या. आणि जो कुणी चमत्कार दाखवील, त्याला विचारा: यातून तुला काय मिळतं?