टायगरचं ऑपरेशन

टायगर फार भटकतो म्हणून माझ्या नवऱ्यानं, विनेशनं, त्याला अलिबागला नेऊन ऑपरेशन करून आणलं. तरी तो कुत्रा अजून जाळ्यांवर तंगडी वर करतो, आणि आज तर पाहुण्यांदेखत नणंदेच्या पायावरच चढला.

विनेशनं तणतणत गुरांच्या डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. "ऑपरेशन फुकट गेलं ना!"

"फुकट नाही. आता पिल्लं होणार नाहीत," डॉक्टर हसले. "पण अंगातली रग आणि लागलेली सवय काही कुत्र्यांत राहते."

बाजाराला न्यायची मासळीची पाटी उचलायला मी वाकले होते, ती तशीच थांबले. तिसऱ्या बाळंतपणानंतर नर्सबाई विनेशला सांगत होत्या, पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं. तेव्हा हा म्हणाला, "ताकद गेली तर बोटीवर जाळं कोण ओढणार?" मग माझंच पोट फाडलं. टाके पिकले. पाटी उचलताना अजून कळ येते.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "त्याचं तर मुळासकट काढलं. तुमची नुसती नस बांधायची होती."

विनेशनं टायगरला लाथ घातली.

मी पाटी विनेशसमोर सरकवली. "ताकद जपून ठेवलीय ना एवढी? मग उचला ही."