ओला वेलदोडा

घरातल्या थोरल्या सुनेने वाळवणखोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारासमोर पाट टाकून बसली.

आत जाळीच्या ट्रेमध्ये वेलदोडे वाळत होते. बागेतून आले तेव्हा टपोरे, गुळगुळीत, मुठीतून निसटणारे. भट्टीच्या उबेने आता साल आकसू लागली होती, पण दाबलं तर बोट अजून रुतत होतं. अंगणात मात्र व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन उभा होता.

"वहिनी, किल्ली द्या," धाकटा दीर म्हणाला. "मी त्यांना आजचा शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, भाऊजी. वेलदोड्यांनी नाही."

"थोडा ओला राहिला तर काय बिघडतं? उलट वजन भरतं! तुम्ही वाळवत बसता आणि पाच पोत्यांचं एक होतं. बाकीचं हवेत."

"पाणीच विकायचं असेल तर विहीर विका."

व्यापारी हसला. "ताई, आग वाढवा ना. मी थांबतो."

"आग वाढवली की साल तडकते, हिरवा रंग पिवळा पडतो. मग नाक तुम्हीच मुरडणार."

नवरा गेल्यापासून भट्टी तीच सांभाळत होती. गेल्या हंगामात ती नको नको म्हणत असताना भाऊजींनी असाच ओला माल पोत्यात भरला. पोती परत आली ती बुरशीने पांढरी होऊन, कुबट वास मारत. खापर मात्र तिच्या डोक्यावर फुटलं. "बाईमाणसाच्या हाती भट्टी दिली की असंच व्हायचं!" तेव्हा तिने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. त्याची चीड अजून जात नव्हती. भाऊजींची कमी, स्वतःची जास्त.

"कुलूप तोडेन हं वहिनी!"

"तोडा. पण आधी मला उचलावं लागेल, आणि मी काही वाळून हलकी झालेली नाही."

एवढ्यात धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि थोरलीला खेटून बसली. "दोघींना उचला," ती म्हणाली. नवऱ्यासमोर तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

"या दारात पुन्हा येणार नाही," म्हणत व्यापाऱ्याने टेम्पो वळवला.

"आता बसा माल गळ्यात बांधून!" भाऊजी ओरडले आणि तरातरा निघून गेले.

दोघी जावा आत गेल्या. ट्रे वरखाली केले, आग मंदच ठेवली. वेलदोडे पुरते वाळले तेव्हा आखडून टणक झाले होते, रंग हिरवाच होता, आणि हलवले की आत दाणे खुळखुळत होते. पण ढीग एवढासा उरला की थोरलीनेही रिकामे ट्रे पुन्हा झटकून पाहिले.

मग पिशवी घेऊन दोघी बाजारात गेल्या. "घरातल्या पुरुषाला पाठवा," म्हणत दोन दुकानदारांनी वाटेला लावलं. तिसऱ्याने एक वेलदोडा फोडला, काळे दाणे दाताखाली धरले आणि लगेच दुसरा फोडला.

"माल कुणाचा?"

सवयीने थोरली भाऊजींचं नाव सांगणार होती.

"आमचा," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघींनी वाळवलाय."

दुकानदाराने तराजू पुढे ओढला.